मिश्र कळपातल्या पिल्लांचे रंग: कोंबड्याकडून काय येते, कोंबडीकडून काय?

होटगीकर:
नमस्कार मंडळी. परसातला कळप असा आहे. कोंबडा एकच, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), गडद तांबडा, शेपटी काळी. कोंबड्यांत दोन काळ्या ऑस्ट्रॉलॉर्प, एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन पांढऱ्या लेगहॉर्न, तीन गावरान (एक गव्हाळ, एक तपकिरी ठिपक्यांची, एक उघड्या मानेची तांबडी) आणि एक राखाडी. तलंगा (अंड्यावर यायच्या तरुण कोंबड्या) ठेवायच्या आणि नर लवकर वेगळे काढायचे, असा बेत आहे. प्रश्न तीन आहेत. कोणत्या कोंबडीच्या पिल्लांत पहिल्याच दिवशी रंगावरून नर-मादी कळेल? लेगहॉर्नपासून झालेल्या पांढऱ्या क्रॉस कोंबड्याला गावरान कोंबडी लावली की मध्येच एखादे पट्टेरी पिल्लू निघते, ते कुठून येते? आणि कोंबड्याचे पाय पिवळेधमक असताना पिल्लांचे पाय पांढुरके का?

रंगारी:
होटगीकर दादा, आधी एक गोष्ट पक्की करू, बाकी सगळे तिच्यावर उभे आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते, कोंबड्यांत ते आईकडून ठरते. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी आपले एकमेव झेड फक्त लेकाला देते. लेकीला आईकडून डब्ल्यू मिळते आणि झेड बापाचे. त्यामुळे झेडवर बसलेला कोणताही गुण आईकडून लेकाकडे जातो, लेकीकडे कधीच जात नाही. परसातल्या कळपात उपयोगी पडणारी अशी चार जनुके झेडवर आहेत: पिसांवर आडवे पट्टे पाडणारे, चंदेरी की सोनेरी हे ठरवणारे, पिसे हळू फुटतील की लवकर हे ठरवणारे, आणि कातडीखालचा काळा रंग दाबणारे.

आता तुमची पट्टेरी कोंबडी घ्या. तिच्याकडे झेड एकच, म्हणून पट्ट्यांचे जनुकही एकच, आणि ते लपून राहू शकत नाही. आरआयआर कोंबड्याकडे पट्टे नाहीत. म्हणजे तिचे सगळे लेक पट्टेरी आणि सगळ्या लेकी बिनपट्ट्यांच्या. पिल्लू वाळून फुगले की पहिल्या २४ तासांत, उजेडात, वरून डोक्याच्या मागच्या बाजूला पाहा. काळ्या लवेवर पांढरा-पिवळसर ठिपका दिसला तर नर. डोके पूर्ण काळे असेल तर मादी. पोट, पंखांची टोके आणि चेहऱ्याचा खालचा भाग काळ्या पिल्लांत दोघांचाही पिवळट असतो, तो मोजायचा नाही. नवीन माणूस इथेच फसतो. तीन-चार आठवड्यांत पंखांवर पट्टे येतात, तेव्हा खात्री करून घ्या. लेकी मोठ्या झाल्या की काळ्या अंगावर मानेला आणि छातीला तांबूस झाक येते.

अट एकच. कोंबडी खरी पट्टेरी हवी, म्हणजे प्रत्येक पिसावर आडव्या पट्ट्या हव्यात. फक्त पिसांच्या टोकाला पांढरे असेल तर ते वेगळे जनुक आहे, झेडवर नाही आणि दोन्ही पालकांकडून आल्याशिवाय दिसतही नाही. शिवाय ती कोंबडी स्वतः क्रॉस असेल तर काळेपणाचे जनुक तिच्याकडे एकच असू शकते. मग निम्मी पिल्ले तांबूस किंवा तपकिरी लवेची निघतील आणि त्यांच्यावर ठिपका पुसट दिसेल. अशांना रिंग घालून महिनाभर थांबा, उगाच अंदाज बांधू नका.

उलटी जोडी, म्हणजे पट्टेरी कोंबडा आणि तांबडी कोंबडी, लावली तर कोंबडा शुद्ध असल्यास सगळीच पिल्ले पट्टेरी होतात आणि ओळखायला काही उरत नाही.

तलंग:
म्हणजे ऑस्ट्रॉलॉर्पच्या पिल्लांत काही कळणार नाही?

रंगारी:
रंगावरून नाही कळणार, ताई. ऑस्ट्रॉलॉर्प काळेपणाची दोन जनुके घेऊन असते, त्यामुळे सगळी पिल्ले काळी लव घेऊन निघतात, नर काय आणि मादी काय. चंदेरी-सोनेरीचा फरक काळ्या लवेखाली दडतो. तिथे पाच-सहा आठवड्यांचा तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) पाहूनच ठरवावे लागते. नराचा तुरा आधी मोठा होतो आणि लाल होतो.

खुराडेवाला:
पांढऱ्याचे उत्तर मी देतो. लेगहॉर्नच्या अंगात बहुधा काळेपणाचे जनुक असते, पट्ट्यांचे असते आणि चंदेरीही असते. त्या सगळ्यावर पांढरेपणाचे एक प्रबळ जनुक चुना मारल्यासारखे बसलेले असते. ते काळा रंग जवळजवळ पूर्ण दाबते, तांबडा तितका दाबू शकत नाही. म्हणून तुमच्या आरआयआरपासून या दोघींना झालेली पिल्ले पांढरी, पण अंगावर तुरळक काळे ठिपके आणि छाती-खांद्यावर तांबूस डाग असलेली निघतात. हे डाग म्हणजे पिल्लाकडे पांढरेपणाचे जनुक एकच आहे याची खूण.

आता या पांढऱ्या क्रॉस कोंबड्याचा हिशेब मांडू. त्याच्याकडे पांढरेपणाचे एक, काळेपणाचे एक आणि आईच्या झेडवरून आलेले पट्ट्यांचे एक. बिनपट्ट्यांच्या तांबूस गावरान कोंबडीवर त्याची निम्मी पिल्ले रंगीत होतील. त्या रंगीतांपैकी निम्म्यांना पट्टे येतील, म्हणजे एकूण चारात एक पट्टेरी. काळ्यावरचे ठसठशीत पट्टे आठात एक. उरलेली पट्टेरी पिल्ले तांबड्या अंगावर फिकट पट्ट्यांची, ती पटकन लक्षातही येत नाहीत. तुमचे मधूनच निघणारे पिल्लू ते हे.

मोहोळची_माती:
अण्णा, पांढऱ्या क्रॉस तलंगेपासूनही असे पट्टेरी निघेल का? कोंबडा आरआयआरच.

खुराडेवाला:
नाही निघणार. त्या तलंगेला झेड आरआयआर बापाकडून मिळाले, त्यावर पट्टे नाहीत. आईचे पट्टे तिच्या भावाकडे गेले. तिला आरआयआर लावला तर रंगीत पिल्ले निघतील, काळी निघतील, तांबडी निघतील, पट्टेरी मात्र नाही. तसे पिल्लू निघाले तर शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडून आला होता असे समजा.

एक पांढरा अजून आहे, त्याचा घोटाळा फार होतो. पांढऱ्या प्लायमाउथ रॉकचा पांढरेपणा लपून राहणारा आहे, दोन्ही पालकांकडून मिळाला तरच दिसतो. तिला आरआयआर लावला तर पिल्ले रंगीत निघतात आणि माणूस चक्रावतो. दोन्ही जातींचे पांढरे एकत्र आले तर पहिली पिढी सगळी पांढरी. तिच्याच भावंडांची जोडी लावली तर १६ पिल्लांत साधारण १३ पांढरी आणि ३ रंगीत. पांढरी कोंबडी कोणत्या जातीची आहे याची खात्री नसेल तर तिला रंगीत कोंबडा लावा. पिल्ले पांढरी, ठिपकेदार निघाली तर लेगहॉर्नचा पांढरा. सगळी रंगीत निघाली तर दुसरा.

तलंग:
गावरान तिघींचे काय? गव्हाळ आणि तपकिरी ठिपक्यांची, दोघींना एकच कोंबडा.

रंगारी:
इथे कोंबड्याकडे पाहून काही कळत नाही, आणि हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. गावरान तांबडा-काळा कोंबडा दोन वेगवेगळ्या पायाभूत रंगांचा असू शकतो, रानकोंबड्यासारखा किंवा गव्हाळ. दोन्ही नर दिसायला जवळजवळ सारखे, काळी छाती आणि तांबडी पाठ. फरक त्यांच्या लेकींत दिसतो. रानरंगाची कोंबडी तपकिरी, पाठीवर बारीक ठिपके, छाती फिकट तांबूस. गव्हाळ कोंबडी अंगभर गव्हाच्या रंगाची. पिल्लेही वेगळी: रानरंगाच्या पिल्लाच्या पाठीवर लांब गडद पट्टे आणि डोळ्यामागे रेघ, गव्हाळ पिल्लू साधे फिकट पिवळसर. आरआयआर गव्हाळ गटातला, वर त्याच्याकडे काळा रंग शेपटी-मानेपुरता आवळणारे आणि तांबडा गडद करणारे जनुक. म्हणून गव्हाळ कोंबडीची पिल्ले तांबूस-पिवळी निघतील, ठिपक्यांच्या कोंबडीची फिकट किंवा अर्धवट पट्ट्यांची. दोघी सोनेरी असतील तर लवेवरून नर-मादी कळणार नाही.

कळपात मान पांढरी-काळी, अंगावर तांबूस अजिबात नाही, अशी चंदेरी गावरान कोंबडी मिळाली तर ती जरूर घ्या. आरआयआर कोंबड्याला अशी चंदेरी कोंबडी लावली की लेक पिवळट-पांढऱ्या लवेचे आणि लेकी तांबूस-तपकिरी लवेच्या निघतात. चंदेरी कोंबडा आणि तांबडी कोंबडी घेतली तर हा खेळ चालत नाही.

उघड्या मानेचे जनुक रंगाशी संबंधित नाही. आरआयआर पूर्ण पिसांचा आहे, तेव्हा तिची सगळी पिल्ले उघड्या मानेची निघाली तर तिच्याकडे ते दुहेरी आहे. निम्मीच निघाली तर एकेरी. तिच्याच मानेकडे पाहूनही कळते: एकेरी असेल तर मानेच्या पुढे खालच्या बाजूला पिसांचा झुपका असतो, दुहेरी असेल तर तो जवळपास नसतो. पिसे कमी म्हणजे उष्णता लवकर बाहेर पडते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्या दिवसांत हा वंश जपण्यासारखा आहे.

बार्शीचा_माळ:
राखाडी राहिली. राखाडी दोन प्रकारची असते. एक निळसर, पिसाची कडा जरा गडद, काळ्या रंगाला अर्धे फिके करणारे जनुक एकेरी. दोन निळसर पक्ष्यांची जोडी लावली तर चारात एक काळे, दोन निळसर, एक पांढुरक्यावर निळे शिंतोडे. दुसरी एकसारखी फिकट राखाडी, कडा गडद नाही, हे जनुक लपून राहणारे. ओळखायला तिला शुद्ध काळा कोंबडा लावा. निम्मी पिल्ले निळसर आणि निम्मी काळी निघाली तर पहिला प्रकार. सगळी काळी निघाली तर दुसरा. आरआयआरवर ही परीक्षा गढूळ होते, तांबडा मध्ये येतो.

मोहोळची_माती:
आणि या कळपात कडकनाथ कोंबडी आणली तर? काळ्या कोंबडीला भाव चांगला येतो.

बार्शीचा_माळ:
काळी पिसे आणि काळे मांस ही दोन वेगळी जनुके आहेत, हे आधी मनात पक्के करा. झाबुआ-धार भागातल्या मूळ कडकनाथात अगदी काळा, पेन्सिल्ड (पिसांवर बारीक रेघांचा) आणि सोनेरी असे तीन रंग आहेत आणि मांस तिघांचेही काळे. उलट ऑस्ट्रॉलॉर्प अंगाने काळी, मांस पांढरे. बाजारात काळी पिसे पाहून कडकनाथाचा भाव देऊ नका. तुरा, जीभ, तोंडाची आतली बाजू आणि पंखाखालची कातडी उघडून पाहा.

आता क्रॉसचे. काळे मांस करणारे जनुक साध्या गुणसूत्रावर आहे आणि प्रबळ आहे. पण तो रंग दाबणारे जनुक झेडवर आहे, आणि ते आरआयआरकडे असते, कडकनाथाकडे नसते. तुमचा आरआयआर कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी घेतली तर प्रत्येक पिल्लाला बापाकडून ते दाबणारे जनुक मिळणार, म्हणजे नर-मादी दोघांची कातडी फिकट किंवा मळकट. हे उलटे करा, कडकनाथ कोंबडा आणि आरआयआर कोंबडी. मग लेकांची कातडी फिकट आणि लेकी काळ्या. पाय आणि चेहरा पहिल्या दिवशी पुसट वाटला तर आठवडाभराने पुन्हा पाहा. काळ्या निघालेल्या लेकी दिसायला कडकनाथ वाटल्या तरी रक्त निम्मेच, त्यांना कडकनाथ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. त्यांच्या पुढच्या पिढीत काही काळी, काही फिकट अशी फूट पडते.

ज्वारीचं_ताट:
पायांचा प्रश्न कोणी घेतला नाही. पिवळी कातडी लपून राहणारी आहे, दोन्ही पालकांकडून यावी लागते. हे जनुक पाळीव कोंबड्यांत आले ते मुख्यतः राखी रानकोंबड्याकडून, जो आपल्या सह्याद्रीत आजही आहे. आरआयआर आणि लेगहॉर्न दोन्ही पिवळे, तेव्हा त्यांच्या पिल्लांचे पाय पिवळे व्हायला हवेत. ऑस्ट्रॉलॉर्पची कातडी पांढरी, म्हणून तिच्या पिल्लांचे पाय फिकट असणे बरोबरच आहे.

लेगहॉर्नची पिल्लेही फिकट असतील तर दोष जनुकाचा नाही, खाद्याचा आहे. पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करत नाही, तो खाद्यातून येतो. आपल्याकडे भरडा मालदांडी ज्वारीचा असतो, आणि पांढऱ्या ज्वारीत तो रंग नसल्यात जमा. निम्म्या ज्वारीच्या जागी पिवळा मका द्या, रोज मूठभर लसूणघास किंवा शेवग्याचा पाला द्या, काही आठवड्यांत फरक दिसेल. अंड्यावरच्या कोंबडीचे पाय फिके पडतातच, तो रंग बलकात जातो. तिच्या पायांवरून वंश ठरवू नका.

पिसांचेही तसेच. लोह, तांबे किंवा फॉलिक आम्ल कमी पडले तर तांबड्या-काळ्या पिल्लांची पिसे फिकी किंवा पांढुरकी येतात. आपल्या उन्हात काळे पीस तपकिरी होते आणि पांढरे पितळी दिसते. रंगाची नोंद पीस नवे असताना, पंखाखालचा भाग पाहून करा. काळ्या पिल्लाच्या पहिल्या पिसांना पांढरी टोके येतात, ती पुढे जातात. पक्का रंग पाच-सहा महिन्यांनी.

खुराडेवाला:
आता हे सगळे उपयोगात आणायचे तर कोणते पिल्लू कोणाचे हे कळायला हवे. एकाच कोंबड्याच्या कळपात अंड्यावरून बरेच वेगळे काढता येते. लेगहॉर्नचे कवच पांढरे, पट्टेरीचे तपकिरी, गावरानांचे फिकट मळकट. ऑस्ट्रॉलॉर्पचे पट्टेरीच्या जवळ जाते, म्हणून अंडी गोळा करायच्या दिवसांत पट्टेरी कोंबडी आणि कोंबडा दोघांना एकत्र, बाकीच्यांपासून वेगळ्या खुराड्यात ठेवा. कवचावर पेन्सिलीने कोंबडीची खूण आणि तारीख लिहा. शाईचा पेन नको.

कोंबडा बदलणार असाल तर जुना काढल्यावर तीन आठवडे अंडी बसवू नका. कोंबडीच्या अंगात जुन्या कोंबड्याचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. रंगाचे बहुतेक चमत्कार या एका चुकीतून निघतात.

अंडी साठवायची जागा १५ ते १८ अंश हवी. साधारण २४ अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. उन्हाळ्यात आपल्याकडे हे घरात जमत नाही. माठाशेजारी ओल्या पोत्यावर ठेवून तीन-चार दिवसांत बसवा, हिवाळ्यात सात दिवस चालतात. अंडी उबवायच्या यंत्रात पंखा असेल तर ३७.५ अंश, आर्द्रता १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. सोलापूरची हवा कोरडी, पाण्याची वाटी सुकली की पिल्लू कवचाला चिकटते. अठराव्या दिवशी प्रत्येक कोंबडीची अंडी जाळीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. निघाल्यावर ती मिसळली तर सगळी नोंद वाया.

खुणेसाठी बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडायचे. एका पायात दोन पडदे, दोन्ही पायांत मिळून चार. छिद्र आहे किंवा नाही असे धरले तर १६ वेगवेगळ्या खुणा होतात. रिंग घातली तर दर दोन-तीन आठवड्यांनी मोठी करा, नाहीतर पायात रुतते.

रंगारी:
लपलेले जनुक शोधताना पिल्ले किती हवीत तेही सांगतो. संशयित पक्ष्याला, ज्याच्यात तो रंग उघड दिसतो असा जोडीदार लावला आणि संशय खरा असेल, तर प्रत्येक पिल्लात तो रंग दिसण्याची शक्यता निम्मी. सलग पाच पिल्लांत दिसला नाही तर चूक होण्याची शक्यता ३२ मध्ये १, सात पिल्लांत १२८ मध्ये १. दोन संशयित एकमेकांना लावले तर मात्र ११ पिल्लांनंतरही सुमारे ४ टक्के शंका राहते, १६ पिल्लांनंतर १ टक्का. दोन-तीन पिल्ले पाहून कोंबडी शुद्ध ठरवणे म्हणजे नुसता अंदाज.

होटगीकर:
सगळ्यांचे आभार. म्हणजे पट्टेरी कोंबडी आणि आरआयआर हीच जोडी चालवायची. पण तिच्या लेकी तर पट्टेरी होणार नाहीत. ती म्हातारी झाली की पुढे काय? क्रॉस भावंडांचीच जोडी लावली तर?

रंगारी:
भावंडांची जोडी लावली तर ओळख बिघडते. त्या पिढीत पट्टे निम्म्या लेकांत आणि निम्म्या लेकींत येतात, ठिपक्याचा अर्थच राहत नाही. पट्टेरी कोंबड्या तयार करायला तिचाच एक पट्टेरी लेक एक हंगाम तिला लावा, आरआयआर बाजूला काढून आणि तीन आठवडे सोडून. लेक सगळे पट्टेरी निघतील, लेकी निम्म्या पट्टेरी. आई शुद्ध काळ्या अंगाची असेल तर पिल्ले सगळी काळ्या लवेची. ज्या लेकांकडे पट्ट्यांचे जनुक दुहेरी असेल त्यांचा डोक्यावरचा ठिपका मोठा आणि अंग मोठेपणी बरेच फिकट. पट्टेरी लेकी निवडताना मानेवर तांबूस झाक नसलेल्या घ्या. झाक असेल तर तिच्याकडे काळेपणाचे जनुक एकच असण्याची शक्यता जास्त, आणि तिच्या पिल्लांत ठिपका पुसट मिळेल. आई-लेकाची जोडी एकाच हंगामापुरती. निवडलेल्या लेकींना पुढे बाहेरून आणलेला, नात्यात नसलेला आरआयआर लावा. त्या जोडीत लेकांच्या डोक्यावर ठिपका आणि लेकी पूर्ण काळ्या, पुन्हा पहिल्यासारखे.